घाटाखालची सुट्टी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे आणि वेंगुर्ल्याचा किनारा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या गावच्या माणसाला समुद्र बघायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. मे महिन्यात सगळा देश थंड हवेसाठी डोंगर चढतो. आम्ही बेळगावकर मात्र संध्याकाळच्या वळिवाने गार झालेले आपले गाव सोडून मुद्दाम घामाघूम व्हायला खाली जातो. पाहुण्यांना याचे नवल वाटते. आम्हाला ते आजवर कधी वाटले नाही, कारण आमचे आजोबा तेच करत होते आणि त्यांचे वडीलही.

आम्ही डिप्लोमा करून रस्त्यांच्या कामाच्या सरकारी नोकरीत लागलो त्याला आता वीसेक वर्षे झाली. या नोकरीचा एक परिणाम असा की कुठलीही गोष्ट आम्हाला आधी रस्ता म्हणूनच दिसते. मुलांची उन्हाळ्याची सुट्टी, आंब्याचे साठ, समुद्राचे पाणी ही सगळी एकाच रस्त्याची गोष्ट आहे असे आमचे मत होत गेले. यंदा मंडळाने स्मरणिकेसाठी ‘आपल्या भागाचा इतिहास’ असा विषय दिला. लढाया आणि ताम्रपट यांवर लिहिणारे जाणकार मंडळात आहेत. आम्ही सुट्टीवर लिहितो.

शहरात गणेशपूर-हिंडलगा बाजूला रामघाट रोड आहे. रोज तिथून जाणाऱ्या किती जणांनी ‘हा कुठला रामघाट?’ असे विचारले असेल कोण जाणे. रामघाट ही बेळगावहून कोकणात उतरण्याची जुनी वाट. १८१८च्या एप्रिलमध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, पुढे इथे छावणी वसली आणि तिला लागणारे सामान वेंगुर्ल्याच्या बंदरातून येऊ लागले. वेंगुर्ला १८१२ सालीच सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले होते. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, डचांनी तिथे वखार घातली होती; तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. रामघाट फार खड्या चढाचा. गाड्यांना तो जड जाई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीवरून पारपोलीचा घाट बांधला गेला आणि आज आपण ज्याला वेंगुर्ला रोड म्हणतो तो रस्ता नांदता झाला. आंबोली हे गाव मुळात या रस्त्यावरचा एक मुक्कामाचा टप्पा म्हणूनच वाढले. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला आंबोलीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही की त्या वळणांवरून आधी बैलगाड्या गेल्या आहेत, आणि प्रत्येक वळणाचा उतार बैलाच्या खांद्याकडे बघून काढलेला आहे. आमच्यासारख्याला तिथे उभे राहिले की आखणी करणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात.

या रस्त्याने खाली धान्य, कापूस आणि गूळ जाई. वर नारळ, मीठ, कोकम आणि सुकी मासळी येई. मीठ वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याच्या आगरांतून. मीठ हे उन्हाळ्याचेच पीक. उन्हाने पाणी आटते तेव्हाच ते हाती लागते. याच शिरोड्यात १९३०च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला आणि महाराष्ट्रभरातून माणसे भर उन्हाळ्यात तिथे उतरली. वि. स. खांडेकर तेव्हा शिरोड्याच्याच शाळेत शिक्षक होते.

आता सुट्टी. आपल्या पणजोबांच्या काळी समुद्रावर ‘मजा करायला’ कोणी जात नसे. समुद्रावर जायचे ते ग्रहणाच्या किंवा सोमवती अमावास्येच्या स्नानाला, नाहीतर गुडघ्यांच्या दुखण्यावर उपाय म्हणून. मे महिन्यात समुद्राच्या पाण्यात काही दिवस सलग न्हायले की सांधे मोकळे होतात हा समज गोव्यापासून कोकणापर्यंत सगळीकडे होता. गोव्यात तर त्यासाठी ‘खारे उदक’ असे स्वतंत्र नावच आहे. आतल्या गावांतली कुटुंबे भांडीकुंडी घेऊन किनाऱ्यावर येऊन राहत. मडगावच्या सुखवस्तू घरांनी कोलव्याला हवापालटासाठी उन्हाळ्यात मुक्काम हलवण्याची रीत पोर्तुगीज काळात चांगली रुळली होती. आमच्या घरात आजी सांगायची ते असे, की तिच्या सासूबाई वेंगुर्ल्याला गेल्या ते गुडघ्यासाठी, आणि त्यांच्यासोबत गेलेली चार पोरे पाण्यात खेळली ते ‘उगीच, आलीच होती म्हणून’. पोरांच्या मजेचा हिशेब कोणी मांडला नव्हता. ती औषधाच्या गाडीत बसून गेली होती.

घरच्या उन्हाळी गोडाधोडाचेही असेच आहे. साठ, मुरांबा, गुळांबा, गव्हले, शेवया यांची आज आपण ‘आठवण’ काढतो, पण हे सगळे मुळात बेगमीचे काम होते. चार महिने पाऊस लागला की बेळगावात काही वाळत नाही. कपडे चुलीवर धरून वाळवणारे घर कुरडया कुठे वाळवणार? म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात जे होईल ते करून डब्यात भरायचे. गोव्यात या बेगमीला पोर्तुगीज शब्दावरून ‘पुरुमेंत’ म्हणतात. आपल्याकडे एवढा भारदस्त शब्द नव्हता, गच्ची होती. गच्चीवर खाटेवर धुतलेले धोतर, त्यावर शेवया; शेजारी ताटांना तुपाचा हात लावून त्यात आटवलेला आंब्याचा रस. पहिला थर वाळला की दुसरा, मग तिसरा. साठाला खरी भीती दोघांची, कावळ्याची आणि वळिवाची. कावळ्यासाठी काठी घेऊन एक पोर बसवायचे. वळिवासाठी काही करता येत नसे. ढग मच्छेच्या बाजूने चढताना दिसले की सगळा वाडा गच्चीवर धावायचा.

हे काम कोणाचे होते हे लिहिले पाहिजे. ते बायकांचे होते. पुरुषांना कचेरीची सुट्टी, मुलांना शाळेची सुट्टी. आणि घरातल्या बायकांचे वर्षातले सर्वांत जड काम नेमके याच दोन महिन्यांत. पहाटे चारला उठून कुरडयांचा चीक शिजवायचा, कारण ऊन चढायच्या आत तो सोऱ्यातून घालून व्हायला हवा. त्यात लग्नसराई. बेळगावचे मांडे प्रसिद्ध आहेत. हातावर फिरवत फिरवत पातळ केलेली ती पोळी उलट्या भांड्यावर टाकणे हे काम ज्या बाईला येई तिला लग्नघरात मानाने बोलावणे असे, आणि त्या मानाबरोबर दिवसभराचा जाळही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हे घेऊन दोन घटका बसणे, एवढीच काय ती त्यांची हक्काची उन्हाळी सुट्टी. त्या हळदीकुंकवातच कोणाच्या घरी कधी शेवया, कोणाकडे कधी पापड हे ठरे. चार घरच्या बायका एका घरी जमत आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. त्यात हसणे-खिदळणे भरपूर असायचे, हे खरेच. पण त्याला मौज म्हणताना खांदे कोणाचे दुखत होते हे विसरून चालणार नाही.

साखरेचा इतिहास या डब्यांतूनही वाचता येतो. गूळ घरचाच; बेळगावच्या आसपास ऊस आणि गुऱ्हाळे. पांढरी साखर बाहेरून यायची. १९०५च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार होता आणि बेळगाव तर गंगाधरराव देशपांड्यांमुळे टिळकपक्षाचे ठाणे. टिळकांनी होमरूल लीगची स्थापना १९१६च्या एप्रिलमध्ये इथेच केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आले, रेशन कार्ड आले. स्वातंत्र्यानंतर ते नियंत्रण कधी उठले, कधी परत बसले. कार्डावरच्या साखरेत साखरांबा कुठून होणार? त्यामुळे आमच्या आजीच्या पिढीची जीभ गुळांब्याची. साखरांबा पाहुण्यांसाठी. जवळच संकेश्वरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा कुठे साखर घरची वाटू लागली. त्या कारखान्याचे नाव हिरण्यकेशी. आंबोलीला गुहेतल्या देवळापाशी जी हिरण्यकेशी उगम पावते, जिथे आपण वेंगुर्ल्याला जाताना थांबून ओंजळभर पाणी पितो, तीच नदी पुढे संकेश्वरपाशी येते. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर असताना ही नदी मात्र पूर्वेकडे वळून आपल्या बाजूला येते, उसाला पाणी पाजते. आम्हाला ही गोष्ट दरवेळी नव्याने आवडते.

घाट ही फक्त डोंगराची रेघ नाही, ती स्वयंपाकघराचीही रेघ आहे, हे आम्हाला लहानपणी आत्याच्या घरी कळले. आत्या वेंगुर्ल्याकडे दिलेली. वर बेळगावात गोड म्हणजे दूध आणि गहू. दूध आटवून, त्यात थोडे दही घालून दाणेदार होऊ द्यायचे आणि साखर घालून तांबूस होईपर्यंत परतत राहायचे की कुंदा, गव्हाच्या वाळवलेल्या शेवयांची खीर, मांडे, पुरणपोळी. खाली उतरले की दूध संपले, नारळ सुरू. गहू संपला, तांदूळ सुरू. तिथेही शेवया, पण त्यांना शिरवाळे म्हणायचे. तांदळाच्या उकडीचे, लाकडी साच्यातून तिथल्या तिथे दाबून काढायचे आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून गरम खायचे. डब्यात भरून ठेवायचा प्रश्नच नाही. जाळीदार खापरोळी, तीही नारळाच्या रसातच. बरक्या फणसाच्या रसाची सांदणे. चणाडाळीचे मणगणे. आमच्या आईला पहिल्यांदा हे सगळे पांचट लागले होते. तूप नाही ते गोड कसले, असे ती पुढेही म्हणायची, पण खापरोळी मात्र शिकून आली. आत्या सुट्टीत वर आली की तिला कुंदा जड जायचा. दोन चमचे खाऊन वाटी बाजूला.

पण बघा, वरच्या कुंद्यात नारळ नसला तरी वरच्या गणपतीच्या मोदकात खालचा नारळ आहे, आणि खालच्या शिरवाळ्यांच्या रसात वरचा गूळ. दोन्ही बाजूंना गोड व्हायला तो रस्ता लागत होता. गौरी-गणपतीत ज्या गव्हल्यांची खीर होते ते मे महिन्यात केलेले असतात, म्हणून गणपतीच्या स्मरणिकेत उन्हाळा शोभणार नाही असे कोणी म्हणू नये.

आईस्क्रीमचेही तसेच. आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, वाड्यात एकाच घरी लाकडी बादलीचा, दांडा फिरवायचा पॉट होता. बर्फ कारखान्यातून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, सायकलच्या मागे गोणपाटात आणायचा. तो फोडून त्यात खडे मीठ घालायचे. मिठामुळे बर्फ वितळत असतानाच शून्याच्या खाली जातो, म्हणून आतले दूध गोठते. पोरांनी आळीपाळीने दांडा फिरवायचा, दांडा फिरेनासा झाला की समजायचे झाले. दूध घाटावरचे, आंबा आणि मीठ घाटाखालचे. पॉटच्या भोवती ताटे-वाट्या घेऊन बसलेल्या आम्हा पोरांना तेव्हा हे कुठले सुचणार? मिठाचे खारट पाणी आत शिरू नये एवढीच काळजी.

रस्त्याच्या या मक्तेदारीला पहिला धक्का रेल्वेने दिला. सदर्न मराठा रेल्वे १८८७च्या सुमारास बेळगावात आली आणि पुढच्याच वर्षी लोंढा-कॅसलरॉकवरून गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत गाडी जाऊ लागली. वेंगुर्ल्याचा व्यापार त्यानंतर उतरत गेला. मात्र कुटुंबांच्या सुट्ट्यांना एक नवी वाट मिळाली. आपल्याकडच्या अनेक घरांचे कुलदैवत गोव्यात. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा. उन्हाळ्यात गाडीने गोव्यात उतरायचे, देवळाच्या अग्रशाळेत दोन-चार दिवस राहायचे, अभिषेक करायचा आणि मग पणजीला जाऊन मिरामारच्या वाळूत संध्याकाळ काढायची. तेव्हा त्या किनाऱ्याला गास्पार दियाश म्हणत. इथेही मौज देवाच्या पदराला धरून आलेली. वाटेत दूधसागर लागतो, पण मे महिन्यात तो दूधही नाही आणि सागरही नाही. काळ्या कातळावर पांढरी दोरी लोंबावी तसा. पावसाळ्यातले फोटो बघून जाणाऱ्यांची निराशा होते. आम्हाला तो उन्हाळ्यातलाच जास्त आवडतो, कारण तेव्हा कातळ दिसतो आणि त्या कातळावर रेल्वे कशी नेली असेल याचा विचार करता येतो.

१९५५ साली ही वाट बंद झाली. गोवा मुक्तीचा सत्याग्रह, गोळीबार, आणि त्यानंतर भारत सरकारने सीमा मिटली. कॅसलरॉकपुढे गाडी जाईना. सहा-सात उन्हाळे बेळगावच्या घरांतून कुलदैवताला कोणी गेले नाही. लग्न झालेल्या जोडप्यांच्या ओट्या घरातच बाजूला काढून ठेवल्या होत्या असे आजी सांगे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतरच्या सुट्ट्यांत त्या साठलेल्या ओट्या घेऊन माणसे उतरली. आमचे आजोबा-आजी त्यात होते. लग्नाला पाच वर्षे होऊन गेल्यावर, दोन मुलांना घेऊन त्यांनी नवदांपत्याची ओटी भरली. समुद्र त्यांनी त्याच फेरीत पहिल्यांदा एकत्र पाहिला.

गोव्याची सीमा मिटत होती तेव्हाच दुसरी एक सीमा नव्याने उगवली. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका वगळून. तो कोल्हापूरला जोडला. या एका ओळीच्या तरतुदीने वेंगुर्ला रोडवर, शहरापासून अर्ध्या तासावर, शिनोळीपाशी राज्याची हद्द आली. सीमाप्रश्नावर लिहिण्याचे हे ठिकाण नव्हे आणि आम्ही सरकारी नोकर. तो विषय मोठ्या माणसांकडे आणि मोठ्या कोर्टाकडे आहे. आम्हाला फक्त सुट्टीचे सांगायचे आहे. पाट्या बदलल्या, लाल गाड्यांवरची अक्षरे बदलली, सीमेवर काही खुट्ट झाले की दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थांबू लागल्या. हे सगळ्यांनी पाहिले. पण सर्वांत मुकाट्याने बदलले ते शाळेचे वेळापत्रक. आपल्याकडे १० एप्रिलला निकाल लागतो आणि मेअखेर किंवा १ जूनला शाळा उघडते. घाटाखाली महाराष्ट्रात परीक्षा एप्रिलभर चालतात, सुट्टी मे महिन्यात लागते आणि शाळा जूनच्या मध्यावर भरते. म्हणजे आत्येभाऊ-मामेभाऊ यांची सुट्टी एकमेकांत बसते ती जेमतेम चार आठवडे. त्यात एखादे लग्न, एखादा आजार, एखादी शिकवणी निघाली की ते चारही गेले.

आमच्या पिढीने ते चार आठवडे कसोशीने वापरले. मेच्या पहिल्या आठवड्यात ट्रंक, आंब्यासाठी रिकामी पेटी, आत्यासाठी गूळ, शेवया आणि कुंद्याचा डबा असे घेऊन सकाळची गाडी धरायची. शिनोळी मागे पडली की बाबा ‘आता महाराष्ट्र’ म्हणायचे आणि पुढच्या सीटवरचा कोणीतरी ‘काय फरक पडूलालाय, धूळ तीच’ म्हणून हसायचा. आंबोलीला चहा-वडा. घाट सुरू झाला की एक तरी पोर ओकणार, म्हणून आईच्या पिशवीत लिंबू. दाणोलीला उतरेपर्यंत कान दडे बसून उघडायचे आणि हवेचा वास बदलायचा. वाळलेल्या गवताचा जाऊन ओल्या नारळाच्या सोडणांचा यायचा. सावंतवाडीत मोती तलावाजवळ गाडी थांबायची आणि लाकडी खेळण्यांच्या दुकानाकडे बोट दाखवले की ‘येताना’ असे उत्तर मिळायचे. येताना पैसे संपलेले असत.

समुद्रावर आत्याचे यजमान न्यायचे. ते आधी बंदरावर गाबितांपैकी कोणाला तरी पाण्याविषयी विचारायचे, भरती किती वाजता, ओढ कुठल्या बाजूला, आणि मग स्वतः कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहायचे. त्यांच्या पुढे कोणी जायचे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर गुडघ्याच्या वर पाणी नाही. वीस मे उलटून गेला आणि लाटांचा आवाज बदलला की ते समुद्रावर नेणेच बंद करायचे. आम्ही कितीही गळ घातली तरी उत्तर एकच : ‘समुद्र आता आपलो नाय.’ मग उरलेले दिवस आमराईत, फणसाखाली, नाहीतर विहिरीवर. आई आणि आत्या दुपारी ओटीवर बसून कोकमे फोडायच्या. साखर भरून बरणी उन्हात ठेवली की चार दिवसांत अमृतकोकम सुटायला लागे.

हे इतक्या बारकाईने लिहायला कारण आहे. आज बेळगावचा माणूस समुद्रावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा जातो. गाडी घरची, रस्ता बरा, चोर्ल्यातून गोवा अडीच-तीन तासांत. शनिवारी पहाटे निघायचे, रविवारी रात्री परत. मुक्काम हॉटेलात. घाटाखाली कोणी नातेवाईक असला तरी त्याला त्रास नको म्हणून कळवायचे नाही. आणि मग पाण्यात उतरताना ‘आता आपलो नाय’ म्हणणारे कोणी सोबत नसते. एप्रिल २०१७मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर आपल्या गावच्या सहलीतल्या आठजणांना समुद्राने नेले. त्या दिवशी बेळगावात कोणाच्या घरात दिवा नीट लागला नाही. आम्ही ओळखीच्या एका घरी गेलो होतो. तिथे काय बोलावे कोणालाच कळत नव्हते. घाटावरच्या माणसाला पाण्याची खोली दिसते, ओढ दिसत नाही. ती सांगायला खालचा माणूस लागतो. रस्ता रुंद झाला तसा तो माणूस आपल्या सुट्टीतून वजा होत गेला, असे आम्हाला वाटते, आणि त्याला चार आठवड्यांचे ते कॅलेंडरही थोडे कारण आहे.

गच्चीवरचे काम मात्र संपले याचे आम्हाला फारसे दुःख नाही. शेवया यंत्रातून येतात, साठ दुकानात मिळते, कुंदा तर बेळगावच्या नावाने देशभर जातो. घरची चव गेली म्हणून हळहळणाऱ्या पुरुषांनी एकदा पहाटे चारला उठून चीक हाटून बघावा. आमच्या घरी आता मे महिन्यात दोनच गोष्टी होतात, गव्हले आणि गुळांबा. गव्हले आई वळते, गुळांबा आम्ही आणि आमची मंडळी मिळून करतो. कैऱ्या किसण्याचे काम आमच्याकडे असते.

यंदा मोठ्या मुलीच्या दहावीच्या जादा तासांमुळे मे महिन्यात आमचे खाली जाणे झाले नाही. आत्याचा मुलगा तिकडच्या सुट्टीत, ७ जूनला, त्याच्या दोन्ही मुलांना घेऊन इकडे आला. आमच्या पोरांची शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. सकाळी ही गणवेशात बाहेर पडली तेव्हा ती दोघे झोपेतून उठत होती. संध्याकाळी पाच वाजता चौघे एकदाचे गच्चीवर भेटले आणि अर्ध्या तासात पाऊस आला. दुसऱ्या दिवशी ते परत गेले. जाताना बरणीभर गुळांबा आणि अर्धा किलो कुंदा दिला. येताना त्याने पोतेभर नारळ आणि बाटलीत कोकमाचे आगळ आणले होते. त्यातले नारळ आम्ही मोदकांसाठी राखून ठेवले आहेत.